दहाच्या दहा बोटं

लोखंडी पाइप कुणी धरायचा यावर ताई आणि रंगारी यांचं एकमत होत नव्हतं.

"बोटं माझी मोडणार आहे तो," रंगारी म्हणाला. "पाइप माझ्याकडे दे."

"म्हणूनच नको. बोटं मोडल्यावर पाइप धरशील कशानं?" ताईनं पाइप स्वतःकडे ठेवला आणि त्याच्या हातात आग विझवायचं लाल नळकांडं दिलं.

दोघं सख्खी भावंडं. एकट्या जिवांना जोडीदार सापडावा म्हणून ताईनं सहा वर्षांपूर्वी वेबसाइट काढली होती. तिचं रंगरूप धाकटा भाऊ बघायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नाव रंगारी. महिन्याभरापूर्वी त्यानं सगळी साइट नव्यानं मांडली. होकाराचं बटण डावीकडे गेलं, नकाराचं उजवीकडे आलं. तक्रारींच्या पानावर मजकुराच्या डोक्यावर असणारं नाव त्याच्या पायाशी गेलं. अक्षरं फिकी झाली. शिवाय रंगाऱ्यानं चहूकडे इतकी मोकळी जागा सोडली, की एका वेळी पडद्यावर जेमतेम एक तक्रार मावायची.

"नजरेला बरं वाटतं," एवढंच त्याचं म्हणणं.

लोकांना बरं वाटलं नाही. पहिल्याच आठवड्यात खिडकीतून दगड आला. ताईनं दारावरची पाटी काढून ठेवली. मग ही तक्रार आली.

पडद्याच्या वरच्या कडेला लिहिलं होतं: सुतार, वय एक्केचाळीस. आणि मधोमध: "दीड वर्ष बोलत होतो मी तिच्याशी. तुम्ही बटणांची अदलाबदल केलीत आणि माझ्या अंगठ्यानं तिला कायमचं हाकलून दिलं. ज्यानं हे केलं तो सापडू दे. त्याची दहाच्या दहा बोटं मोडीन."

"सुतार म्हणजे हातोडा आलाच," ताई म्हणाली.

"पोलिसांना सांगू या ना, ताई."

"ठाण्यातले निम्मे आपल्याच साइटवर आहेत. त्यांचीही बटणं हललीत."

तो कधीतरी अचानक उगवण्यापेक्षा आपण सांगू तेव्हा आलेला बरा, असं ताईचं मत पडलं. तिनं सुताराच्या नावावर बोट ठेवून उत्तर धाडलं: सोमवारी चारला या. खाली पत्ता.

आता सोमवार होता आणि चारला दहा कमी होते. ताईनं खालून इमारतीच्या पहारेकरी काकांना बोलावून घेतलं. काका उमेदीत कुस्त्या मारत. ते एरवी वर येत नसत; या मजल्यावर कॉम्प्युटरचं काहीतरी चालतं, याहून जास्त त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"एक माथेफिरू येतोय, काका. आमच्या रंगाऱ्याच्या जिवावर उठलाय. तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला, बाई? हल्ली घरी गेलं तरी बोलायला कुणी नसतं. हात नुसते शिवशिवतात." काकांनी बाह्या सरसावल्या. "पोरगं भलं आहे आपलं. त्याला कोण हात लावतो बघू."

रंगाऱ्याला भरून आलं.

ठीक चारला दार वाजलं. खांद्याला पिशवी लावलेला एक माणूस आत आला, हसला, आणि त्यानं पिशवीत हात घातला.

ताईनं पाइप फिरवला. कोपरातून वाळकी फळी मोडल्यासारखा आवाज आला. रंगाऱ्यानं त्याच्या तोंडावर फेस मारला. फेस संपल्यावर नळकांडंच मारलं. दोन दात टेबलाखाली घरंगळत गेले. माणूस आडवा झाला तसे काका त्याच्या छातीवर बसले आणि त्याचा अंगठा त्यांनी शांतपणे, झाकण उघडावं तसा, मागे वळवला. माणूस किंचाळला. काकांनी दुसरा अंगठा धरला.

"आभार!" तो माणूस ओरडला.

"काय?"

"आभार मानायला आलो होतो!" त्याच्या हनुवटीवरून रक्त आणि फेस मिळून गुलाबी ओघळ वाहत होता. "पिशवीत बघा."

ताईनं पिशवी उपडी केली. हातोडा नव्हता. शिसवी लाकडाची सुबक चौकट होती. तिच्यात हाच माणूस, सगळ्या दातांसकट, आणि शेजारी खळखळून हसणारी एक बाई.

"तिला नकारच देत होतो. बटणं बदललेली, चुकून होकार गेला. पुढच्या महिन्यात लग्न आहे आमचं. भेटायला कधी येऊ म्हणून मीच लिहिलं होतं. तुम्हीच चारला बोलावलंत."

ताई भावावर उलटली.

"तुझ्या त्या बटणांपायी! कुणी सांगितलं होतं रे तुला अदलाबदल करायला?"

"ताई, मला वाटलं नजरेला..."

"नजरेला! एकट्यानं केलंस, मला विचारलंसुद्धा नाहीस. आता निस्तर!"

काका छातीवरून उठले. सुताराला काखेत धरून त्यांनी उभं केलं, चौकट त्याच्या बऱ्या हातात दिली, त्याला बाहेर नेऊन सोडलं. "दवाखाना समोरच आहे," ते म्हणाले. आत येऊन त्यांनी दार लावलं आणि कडी घातली.

"कडी कशाला, काका?"

"आरडाओरडा झाला, बाई. लोक जमतील."

रंगारी कॉम्प्युटरकडे धावला होता. "खोटं बोलतोय तो. नाव आहे ना त्याचं. हे बघ." सुताराचं नाव वरच्या कडेला होतंच. त्यानं पान थोडं मागे सरकवलं. नावाच्या वर मजकूर होता: तुमच्यामुळे जमलं, आभार मानायला कधी येऊ?

सहा वर्षं नाव आधी वाचायची सवय. नाव खाली आपणच नेलं, हे रंगाऱ्याला आत्ता आठवलं.

"मग ती बोटांची धमकी कुणाची?" ताईनं विचारलं.

रंगारी धमकीच्या खाली सरकू लागला. मोकळी जागा संपता संपेना. मागे काकांच्या चपला सावकाश वाजत जवळ येत होत्या.

मग नाव आलं: पहारेकरी, वय एकोणसाठ, विधुर. फोटोत काका हसत होते.