आधी रेघ

काचेच्या बशीत प्रयोगशाळेतल्या ताईंच्याच दंडाच्या कातडीतल्या पेशी होत्या आणि त्यांच्यात केसाहून बारीक सेन्सर. पेशींना इजा झाली की पडद्यावरची रेघ उसळायची.

सकाळी बशीला कुणी हात न लावताच रेघ उसळली, आणि मागोमाग ताईंच्या हातावर गरम चहा सांडला. "माझ्याआधी यांनाच कळतं की!" त्या हसल्या. दुपारी रेघ पुन्हा उसळली आणि दारात त्यांचं बोट चेमटलं. मग मात्र त्या खुर्चीतून उठल्याच नाहीत.

संध्याकाळी रेघ थेट वरच्या कडेला भिडली, थरथरली आणि सपाट झाली.

"मेल्या वाटतं पेशी," सर गाडीची किल्ली फिरवत म्हणाले. "आता काय बघत बसायचं? चला ताई, घरी सोडतो."