दर्भाचा कावळा

कावळा काही येईना.

विश्वामित्रीच्या घाटावर पिंड मांडून झाला होता. शेजारी दहीभात, आणि नलिनीबाईंचा जीव की प्राण असलेल्या सेवउसळीचा एक द्रोण. घाटावर उसळ पाहून गुरुजींनी नाक मुरडलं होतं. ते मुरडलेलं नाक परवडलं, पण कावळ्यांनीही पाठ फिरवावी? एरवी हातातली पोळी पळवणारी ही जात आज कुठल्या गावाला गेली होती कोण जाणे. समोर नदीतल्या मगरींपासून सावध राहण्याची पाटी होती. तिच्यावरसुद्धा कुणी बसलेलं नव्हतं.

"काव, काव!" विश्वासरावांनी पुन्हा साद घातली. हे नलिनीबाईंचे धाकटे भाऊ, प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. "ताई, अवंतीचं लग्न मी लावून देईन हो! काळजी करू नकोस!"

अवंती, नलिनीबाईंची एकुलती एक मुलगी, पस्तिशीला आली होती. ओल्या हातांनी पिंडाशी बसून तिने हे ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कावळ्यानेही तेच केलं.

स्नेहलतामामींनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. "डिशचं बोला की."

विश्वासराव नदीकडे बघू लागले.

नागरवाड्यातल्या केबलवाल्याने धंदा गुंडाळला, तेव्हा त्याची भलीथोरली डिश नलिनीबाईंनी उचलून गच्चीवर आणली होती. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं, हाताशी पेन्शन, आणि वर आभाळात कुणी आहे का हे ऐकायचा ध्यास. रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावून त्या बसायच्या. "काय बाई, आला का फोन वरून?" गल्लीतलं कुणीही विचारी. "अजून नाही," त्या म्हणत, आणि वर चहा घेणार का विचारत. विश्वासरावांचं पालुपद ठरलेलं: "अगं, इथं आपल्या नळाला पाणी नाही, आणि तू मंगळावरच्या शेजाऱ्यांची चौकशी करतेस! त्यापेक्षा गच्चीवर खोली बांध, भाडं तरी येईल."

त्या डिशसाठी उद्या भंगारवाला यायचा होता. मामांनी परस्पर सांगून टाकलं होतं. घाटावर येताना रिक्षात हे अवंतीच्या कानावर पडलं, तेव्हापासून ती धुमसत होती.

"म्हणा, डिश ठेवू," मामी कुजबुजल्या. "नुसतं म्हणायला काय जातं?"

मामांनी घसा खाकरला, हात जोडले. "ताई, तुझी ती डिश..."

"मामा, खोटं बोलू नका," अवंती म्हणाली. "आणि डिशचा नि कावळ्याचा काही संबंध नाही. शिवला तरी ती राहणार, नाही शिवला तरी राहणार. भंगारवाल्याला ना पाडा, येऊ नको म्हणावं."

"ठेवून करायचंय काय? इतक्या वर्षांत कुणी बोललं?"

"नाही."

"मग?"

"मग काय? ऐकत राहायचं."

पिंपळाखाली दुसरे यजमान खोळंबले होते. गुरुजींनी सूर्याकडे पाहिलं, मग विश्वासरावांकडे. "दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात सोय आहे."

"हो, हो. पतवून टाका, उरकू दे एकदाचं," मामा म्हणाले.

गुरुजींची बोटं सराईत. दर्भाच्या काड्या दुमडल्या, गाठ मारली, चोच काढली, शेपूटसुद्धा काढलं. अवंती बघत राहिली. एकदा डिशवर खरोखरच काहीतरी टकटक ऐकू आलं होतं. गल्लीत पेढे वाटले गेले, वर्तमानपत्राचा माणूस येणार होता. नलिनीबाईंनी दोन दिवस खपून शोध लावला, की ती टकटक समोरच्या तुकोजीरावांच्या कॉर्डलेस फोनची आहे. "ताई, कशाला सांगतेस? नाव छापून येतंय तर येऊ दे," मामांनी विनवलं होतं. त्या घरोघर जाऊन सांगून आल्या. गल्ली महिनाभर हसत होती.

गुरुजींचा हात पिंडाकडे आला. अवंतीने आपला तळहात मध्ये धरला.

"हा नको."

"अगं, सगळे करतात," मामी म्हणाल्या.

"करू देत. सकाळपासून तुम्ही सगळे माना वर करून बसलात. वरून कुणीतरी यावं, काहीतरी कळावं, म्हणूनच ना? माझ्या आईने तेच केलं तर ती वेडी! आणि तुम्ही एका सकाळीत कंटाळून गवताचा कावळा करायला निघालात. तिने जन्मात केला नाही. तिच्या पिंडाला मी तो शिवू देणार नाही."

तिचा आवाज चढला होता. पिंपळाखालचे लोक वळून बघू लागले.

"आणि नाहीच आला तर?" मामांनी विचारलं.

"तर आज आला नाही, एवढंच कळेल."

गुरुजींनी खांदे उडवले, दर्भाचा कावळा पंचपात्राशेजारी ठेवला आणि ते पिंपळाखाली गेले. मामींनी थर्मास उघडला. मामा उठले, चपलांत पाय घातले, घड्याळ पाहिलं. दोन पायऱ्या चढून थांबले. मग काय वाटलं कोण जाणे, परत येऊन बसले. ऊन वाढलं तसा त्यांनी डोक्यावर रुमाल टाकला. अवंती पिंडापासून हलली नाही.

बऱ्याच वेळाने पिंपळाखालून गुरुजींनी हाक दिली, "विश्वासराव, आला का हो?"

"अजून नाही!" मामा खेकसले.

अवंतीने चटकन मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिला हसू फुटलं. मामांचं लक्ष नव्हतं. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून ते आभाळ धुंडाळत होते.