पळणारं गाणं

बारा वर्षं एकत्र वाजवून मी बँड सोडला, तो ड्रमरमुळे. आमचं प्रत्येक गाणं मध्येच लय सोडून पळायचं. शेवटी चारचौघांत सुनावलं त्याला, "तुला साधा ठेका धरता येत नाही." तो खाली मान घालून काड्या पिशवीत भरत राहिला.

आज माझ्या एकट्याच्या अल्बमचं रेकॉर्डिंग होतं. कानात लय दाखवणाऱ्या यंत्राची टिकटिक, हातात गिटार. पाचव्यांदा थांबवून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "दादा, टिकटिक जागेवरच आहे. तुम्ही पळताय."

म्हणजे बारा वर्षं तो माझ्यामागे धावून मला सांभाळून घेत होता.

मी तिथूनच त्याच्या घरी फोन लावला. "वहिनी, त्याला म्हणावं, ड्रम्स घेऊन ये."

"ड्रम्स? ते ह्यांनी तेव्हाच विकले, भावजी. म्हणाले, मला साधा ठेका धरता येत नाही."