पकडीचं कव्हर

"पट्ट्याला अडकवता येईल असं कव्हर शिवून दे ना," म्हणत नवऱ्याने घडीची पक्कड माझ्यापुढे ठेवली. वाढदिवसाची भेट. ऑफिसातल्या ईशानीने दिलेली.

वस्तू तिची आणि बोटं टोचून घ्यायची मी! तरी जुन्या पर्सचं चामडं कापलं.

"तुझा पट्टा किती रुंद आहे?"

"मला काय माहीत? तूच बघ."

मीच मोजला. कव्हर झकास बसलं.

दुसऱ्या दिवशी तो खुशीत घरी आला. "ईशानीला जाम आवडलं! तिच्याकडेही अशीच पक्कड आहे. तिलाही एक करशील?"

"करेन की. पण तिचा पट्टा मोजावा लागेल."

"कशाला?" त्याने अंगठ्यात आणि बोटात अंतर धरून दाखवलं. "एवढा आहे."

मी टेप काढून त्याच्या बोटांना लावली. त्याने घाईघाईने हात मागे घेतला.