डिस्क कपाटात आहे

दर रविवारी बाबा घरच्या कॉम्प्युटरची अख्खी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवत आणि तेवढा वेळ कुणाला कीबोर्डला हात लावू देत नसत. वर प्रवचन ठरलेलं: "जी वस्तू एकच असते, ती गेलीच समजायची." ऐकून ऐकून मुलीचे कान किटले होते. प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटरनं मान टाकली, तेव्हा मात्र तिनं मुकाट्यानं हात पुढं केला. "बाबा, डिस्क द्या." "कपाटात आहे," बाबा खिसे चाचपत म्हणाले. मग सोफ्याच्या गाद्या निघाल्या, चपलांचा रॅक उपसला गेला, आईची पर्ससुद्धा सुटली नाही. कपाटाची किल्ली काही सापडेना. "दुसरी किल्ली तरी आहे का?" मुलीनं दातओठ खात विचारलं. बाबा दुखावले. "म्हणजे काय, असणारच." "कुठंय?" बाबा बंद कपाटाकडे बघत राहिले. "हरवू नये म्हणून डिस्कलाच चिकटवलीय."