अमीरची जागा

आम्ही जुळे. अंगणवाडीच्या ताई म्हणायच्या, "दोघांत अमीरचं डोकं लई चालतं." इंग्रजी शाळेतल्या मोफत जागांच्या सोडतीत नंबरही अमीरचाच लागला. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मात्र अमीर तापाने फणफणला होता. अब्बा म्हणाले, "जन्मतारीख एकच हाय. कोन वळखतंय? हारिसला अमीर म्हनून नेतो."

परवा नागापूरच्या एका कारखान्यात टेम्पोतला माल उतरवायला गेलो. भाऊ तिथे सुपरवायझर आहे. वॉचमनने माझ्याकडे बघितलं, मग आतून येणाऱ्या भावाकडे.

"अमीर साहेबांचे भाऊ व्हय तुमी? नाव काय लिहू?"

"हारिस," मी म्हणालो. आधार कार्डावर तेच आहे.

घरी अम्मी तेवढी मला अजून अमीर म्हणते.