ऐंशीच्या स्पीडचं वळण

तुमसरच्या राजकुमारशेठनं आजोबांच्या जुन्या मोटारीचा मागचा अख्खा ॲक्सल बदलून घेतला. तसल्या जुन्या ॲक्सलवर भरधाव वळण घेतलं की मागचं चाक आत दुमडतं अन् गाडी उलटते, असं त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं.

"आता ऐंशीच्या स्पीडनं वळवली तरी उलटणार नाही ना?"

"नाही जी," अंकुश मिस्त्री हात पुसत म्हणाला.

"तुमच्यासारख्या गावठी लोकायले हिची कदर काय समजणार? हे गाडी उडाले बनली हाये!"

शेठ आत बसला, काळा चष्मा चढवला, हॉर्न दिला. त्याच्याच राइस मिलचे चार हमाल धावत आले अन् नेहमीसारखी गाडी ढकलू लागले. इंजिन बारा वर्षांपूर्वीच भंगारात गेलं होतं.

अंकुशनं गंभीर चेहऱ्यानं हमालांना दम भरला, "ऐंशीच्या वर नोका जाऊ रे!"